टिकलीखालचा पिवळा दिवा

"ही टिकली कुणाची?"

सगुणामाईंनी ती बोटाच्या टोकावर धरली होती. लाल, मसुराच्या डाळीएवढी. मठाची जीप घाट उतरत होती आणि टिकली पुढून कुठूनतरी निसटून माईंच्या मांडीवर पडली होती.

गाडी चालवणाऱ्या फुलवंतानं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"पडली असंल कुणाची तरी."

जीपमध्ये आम्ही तिघीच होतो. माई मठाच्या, त्यांच्या कपाळाला बुक्का. मी मागच्या सीटवर. मी विधवा बाई, टिकली लावते की नाही हा माझा प्रश्न आहे, पण त्या दिवशी लावली नव्हती. राहिली फुलवंता. तिची टिकली तिच्या कपाळावर जागच्या जागी होती.

"कुणाची तरी म्हणजे?" मी म्हटलं. "भूत बसलंय का गाडीत टिकली लावून?"

"हिराक्का, तू तुझं पातेलं सांभाळ."

पातेल्यात शिरा होता. खाली हरपळवाडीत बारसं होतं. पाळण्यातल्या पोरीचं नाव माईंनी ठेवायचं, असं त्या घरानं कबूल करून घेतलं होतं. शिरा मठाचा, आणि मठाचा म्हणजे माझा. पहाटे उठून मीच भाजला होता.

माईंनी टिकली उलटी करून बघितली. मग समोर बघितलं.

मीटरच्या काचेआड एक पिवळा दिवा जळत होता. इंजिनाचं चित्र असतं, तो. त्याच्यावर काचेला डिंकाचा बारीक गोल राहिला होता.

उन्हानं डिंक सुटला होता. माईंच्या कुठल्या शक्तीनं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं लोकांनी तेही पसरवलं.

"हा दिवा कधीपासून?"

"कुठला?"

"फुले."

फुलवंतानं वरचा आरसा सरळ केला.

"फुले, मी काय विचारलं?"

"झाले असतील थोडे दिवस."

"काय म्हणतो?"

"कोण?"

"दिवा."

"काही म्हणत नाही, माई. इंजिन तपासून घ्या म्हणतो. सगळ्यांच्याच गाडीला लागतो. वडापचे जीपवाले तर बघतसुद्धा नाहीत त्याच्याकडं."

"मग तूही बघायचं नव्हतंस. टिकली कशाला लावलीस?"

फुलवंतानं गिअर बदलला. गरज नव्हती, तरी बदलला.

मला आश्चर्य दिव्याचं वाटत नव्हतं. माई चालत्या गाडीत बोलत होत्या. इतक्या वर्षांत त्या चालत्या गाडीत बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

माईंची रीत अशी. गाडीत बसायच्या आधी मठाच्या झाडाचं एक लिंबू तोडून घेत. साल नखानं ओरखडत, लिंबू नाकाशी धरत, डोळे मिटत. गाडी थांबेपर्यंत डोळे उघडत नसत आणि तोंडही. लोक म्हणायचे, गाडी सुरू झाली की माईंना ध्यान लागतं. रस्त्याच्या कडेच्या बाया डोक्यावरचा भारा उतरवून हात जोडायच्या.

उतरल्यावर माई ते लिंबू फुलवंताच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे टाक."

फुलवंतानं एकही टाकलं नाही.

दुसऱ्यांच्या गाडीला बाजारातली लिंबू-मिरची असते. हिच्या गाडीच्या जाळीला काळ्या दोऱ्यात माईंच्या हातची लिंबं. ओली, सुकलेली, पार काळी पडलेली. उरलेली ती ट्रकवाल्यांना वाटायची. मी एकदा म्हटलं, माई टाक म्हणतात ना? तर मला म्हणाली, मोठ्या माणसांचं बोलणं तसंच्या तसं घ्यायचं नसतं, त्यातलं आतलं ओळखावं लागतं.

मला शिकवत होती. मी मठात आले तेव्हा ही झबल्यात असेल.

पण तिचा एक सल होता, तो माझ्यापाशी बोलली होती. "शेजारी बसतात, हिराक्का. एवढा घाट मी उतरवते, चढवते. माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. मठात येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतात."

मी म्हटलं होतं, ध्यानात असतात बाई, तुझं काय काढलंय.

"माई, तुम्ही काळजी करू नका," फुलवंता आता म्हणाली. आवाजात पुन्हा ताठा आला होता. "तुमचं लिंबू आहे गाडीला. दिवा लागला त्याच दिवशी मी आणखी दोन बांधली."

"मग दिवा गेला?"

"नाही."

"मग?"

"मग टिकली लावली."

मला हसू आवरलं नाही. पातेल्यावरचं झाकण वाजायला लागलं.

माईही हसल्या. हसता हसता थांबल्या. चेहरा पांढरा पडला, कपाळावर घाम आला, आणि लिंबू त्यांनी नाकाशी असं दाबलं की सालीतून पाणी निघालं.

"थांबव."

"वळण आहे माई, पुढं जागा..."

तेवढ्यात गाडीनं झटका दिला. मग आणखी एक. इंजिन खोकल्यासारखं करायला लागलं. फुलवंता पाय दाबतेय आणि गाडी ओढ घेईना. मागून काळा धूर.

"फुले, थांबव म्हणते ना!"

गाडी कडेला लागायच्या आत माईंनी दार उघडलं. साठीच्या पुढची बाई, पण अशी पळाली की मला पातेलं खाली ठेवायलाही वेळ मिळाला नाही. घाटाच्या कठड्याला दोन्ही हात टेकले आणि ओकल्या.

भडभडून ओकल्या.

फुलवंता गाडीची चावीही न काढता धावली.

"माई! काय झालं? छातीत दुखतंय का? हिराक्का, पाणी आण! बघतेस काय?"

मी गाडीतल्या कळशीतलं पाणी तांब्यात ओतून दिलं. माईंनी चूळ भरली. तोंड धुतलं. पदरानं पुसलं. कठड्यावर टेकल्या.

"काही नाही गं. गाडी लागते मला."

"आज?"

"पहिल्या दिवसापासून."

फुलवंताच्या हातातला तांब्या वाकडा झाला होता आणि पाणी तिच्या पायावर पडत होतं.

"मग... ध्यान?"

"कसलं ध्यान. तोंड उघडलं की बाहेर येईल, म्हणून दात आवळून बसते."

"आणि लिंबू?"

"हुंगायला."

घाटात वारा होता. गाडीच्या जाळीवरची लिंबं एकमेकांवर आपटत होती, वाळलेली, टकटक, टकटक.

मला पुन्हा हसू येत होतं. पण फुलवंताचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं. पोरगी रडायच्या बेतात होती, आणि फुलवंता रडायच्या बेतात असली की आधी भांडते.

"मी ती ट्रकवाल्यांना दिली, माई! हात जोडून घेतली त्यांनी! चपला काढून घेतली!"

"पोचले का सगळे?"

"पोचले की!"

"मग गाडी नीट चालवली असेल त्यांनी."

"थट्टा करू नका. मी सगळ्यांना सांगत फिरले. माईंचं लिंबू, माईंचं लिंबू. आणि तुम्ही मला सांगायचं नाही? वळणं मी आणखी हळू घेतली असती."

"वळणं तू हळूच घेतेस."

"मग खिडकी उघडी ठेवली असती. आल्याचा तुकडा दिला असता. आमच्या आत्याला लागायची, तिला मी..." ती थांबली. "तुम्हाला पायी जायची सवय होती. चांगले पाय आहेत तुमचे. एवढा त्रास होतो तर बसलात कशाला इतकी वर्षं?"

माईंनी बोटावरची टिकली बघितली. ओकताना, धावताना, चूळ भरताना, ती तिथंच चिकटून राहिली होती.

"तू दिव्यावर टिकली कशाला लावलीस?"

फुलवंता गाडीकडं गेली. मला वाटलं, रुसली. पण तिनं वाकून खिडकीतून आत बघितलं. इंजिन बंद पडलं होतं, चावी तशीच होती, आणि काचेआड पिवळा दिवा जळतच होता. आता झाकायला काही नव्हतं.

तिकडंच बघत ती बोलली.

"विश्वस्तांनी ठराव केलाय. गाडीनं पुन्हा दुखणं काढलं तर विकायची. मठाला काम पडलं तर भाड्याची गाडी सांगायची. मी दाराशी उभी होते, ऐकलं मी."

विश्वस्तांचं काय सांगू. त्यांना डोंगर चढायचा नसतो, ठराव करायचा असतो.

"मग दाखवायची मिस्त्रीला," मी म्हटलं. "लहान दुखणं असतं तर लहानात गेलं असतं."

"आणि मोठं निघालं असतं तर?" ती माझ्यावर उलटली. "तुझं बरंय, हिराक्का. तुझ्याशिवाय मठाची चूल पेटत नाही. मला काय येतं? भजनात माझा सूर लागत नाही, सगळे माझ्याकडं वळून बघतात. भाकरी थापली तर तूच बोंबलतेस."

ते खरं होतं. तिची भाकरी कुत्रं वास घेऊन पुढं जातं.

"जपाला बसले की झोपते. घोरते म्हणे. ही गाडी तेवढी मला येते. ही गेली, तर..." तिनं माईंकडं बघितलं. "ही गेली तर मी मठात कशाला, माई?"

वारा. लिंबांची टकटक.

मला एक जुनी गोष्ट आठवली. जीप कुणा भक्तानं दिली तेव्हा माईंना ती नको होती. मला पाय आहेत, म्हणाल्या होत्या. पावसाळाभर ती ताडपत्रीखाली उभी होती, कोंबड्या बसायच्या तिच्यावर. मग फुलवंता आली. नवरा सोडून, एक पिशवी घेऊन. भावाची वडापची जीप चालवायची पूर्वी, एवढंच तिला येत होतं. मठात ती कुणाशी बोलायची नाही, जेवायची नाही. ताडपत्रीखाली शिरून स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसायची. आणि एक दिवस माई आपणहून म्हणाल्या, "गाडी काढ गं, फुले. जाऊन येऊ कुठंतरी."

त्या दिवशी माई परत आल्या त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, उपास असेल.

"लिंबू कुठं पडलं?" माईंनी विचारलं.

"हे काय." फुलवंतानं चाकापासचं लिंबू उचललं. पदराला पुसलं.

"पिळ ते. तोंड कडू झालंय. हिरे, साखर नसेल, मीठ आहे का?"

मीठ होतं. बाळाची दृष्ट काढायला मीठमोहऱ्यांची पुडी घेतली होती. मी हातावर पुडी सोडली आणि मोहऱ्या बाजूला करायला बसले.

फुलवंता लिंबू हातात घेऊन उभीच.

"माई, हे... हे तुमच्या हातचं आहे."

"झाडाचं आहे. पिळ."

तिनं दातानं साल फोडली. तांब्यात पिळलं. बिया पडल्या, त्या बोटानं काढल्या. मी चिमूटभर मीठ टाकलं, दोन मोहऱ्या गेल्याच आत. माई अर्धा तांब्या प्यायल्या, त्यांनी ढेकर दिली आणि उरलेला फुलवंतापुढं धरला.

ती प्यायली. आंबट तोंड केलं.

"कसं आहे?"

"खारट झालंय. हिराक्काचा हात."

"वा गं वा!" मी म्हटलं.

खालून दुधाचा टेम्पो चढत आला. ओळखीचा होता, गाडी बघून थांबला. बाहेर डोकं काढून आधी त्यानं माईंना नमस्कार केला.

"बंद पडली का काय फुलाताई?"

"बंद पडली. वरच्या नाक्यावर मिस्त्री आहे ना, त्याला खाली धाड. सांग, पिवळा दिवा बरेच दिवस लागलाय, धूर काळा येतोय, ओढ नाही."

"बरेच दिवस?"

"हो. बरेच दिवस. असंच सांग."

"सांगतो." तो घुटमळला. "ताई, माईंचं लिंबू आहे का एखादं? माझं पार वाळलंय."

फुलवंतानं माईंकडं बघितलं. माई डोंगराकडं बघत होत्या. त्यांना काही ऐकूच आलं नाही, असा चेहरा.

"नाही," फुलवंता म्हणाली.

"ती काय, एवढी लोंबतायत..."

"नाही म्हटलं ना. तुझ्या गाडीत कुठला दिवा लागलाय का, ते बघ आधी."

टेम्पोवाला गोंधळला. खाली वाकून मीटर बघितलं. मग आमच्याकडं बघितलं. गिअर टाकून निघून गेला.

टेम्पो वळणाआड होईपर्यंत फुलवंता तिथंच उभी होती. मग ती गाडीच्या पुढं गेली, काळा दोरा दातानं तोडला आणि लिंबं हातात घेतली. टाकेल असं मला वाटलं. तिनं ती दरीत भिरकावली नाहीत. कडेच्या करंजाच्या बुंध्याशी नीट ठेवली, पाखरू ठेवावं तशी.

असू दे. एका दिवसात माणूस किती सोडणार.

मग खिडकीतून हात घालून तिनं चावीला हात लावला.

"बॅटरी उतरेल. बंद करू का दिवा, माई?"

"कर. चावी तिथंच राहू दे, मिस्त्री आला की तो लावेल. दिव्याचं म्हणणं त्याला ऐकू दे."

तिनं चावी फिरवली. दिवा विझला.

माई माझ्याजवळ आल्या. बोटावरची टिकली त्यांनी एकदा बघितली आणि माझ्या कपाळाला लावली. अंगठ्यानं दाबली.

"वाया नको जायला," म्हणाल्या.

मी काढली नाही. ती राहिली चिकटून, कशी कोण जाणे. हरपळवाडीत कुणी काही बोललं असतं तर मी बघून घेतलं असतं.

करंजापासून पायवाट खाली जाते. गाडीरस्ता घाटाला वेढे घेत जातो, पायवाट सरळ हरपळवाडीच्या मारुतीपाशी उतरते. माईंनी पदर खोचला.

"चला. पोरगी बिननावाची पडलीय पाळण्यात."

त्या उतरायला लागल्यासुद्धा. मी चुंबळ केली, पातेलं डोक्यावर घेतलं. कळशी मीच घेतली, कारण फुलवंता हलत नव्हती. बॉनेटवर हात ठेवून उभी होती, आजारी जनावराच्या अंगावर ठेवतात तसा.

"फुले!" खालून माईंची हाक.

"माई, मिस्त्री येईल. मी थांबते गाडीपाशी."

"मिस्त्रीला गाडी दिसते. तो काही आंधळा नाही."

"पण माई..."

"काय?"

फुलवंताचा आवाज एवढासा झाला. मी एवढी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आला. खाली माईंना कसा ऐकू गेला, ते मला माहीत नाही.

"मी विचारलं त्याचं उत्तर नाही दिलं तुम्ही."

माई पायवाटेवर थांबल्या. मागं वळल्या नाहीत. डावा हात मात्र मागं केला, पंजा उघडा, लहान पोराला धरायला करतात तसा.

"ये लवकर. गाडीत तोंड उघडता येत नव्हतं मला. इतक्या वर्षांचं तुझ्याशी बोलायचं राहिलंय."